तुझे बूट माझ्या पायात

बाबा, तुझे लग्नातले काळे बूट माझ्याकडे आहेत आणि मी ते कुणाला देणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला नीट ऐकता येईल. उद्या तुझ्या नातवाचं, माझ्या भावाच्या मुलाचं, आपल्याच चर्चमध्ये लग्न आहे. वेदीसमोर उभं राहताना त्याच्या पायात आजोबांचे बूट असावेत अशी भावाची इच्छा आहे. इच्छा कसली, हट्टच. फोनवर मी दाद दिली नाही, तेव्हा आज सकाळी तो मुलाला घेऊन मनवेलपाड्याहून थेट इथे सांडोरला आला. पन्नाशी ओलांडलेली आम्ही दोघं तुझ्या बुटांवरून शाळकरी पोरांसारखी भांडलो. चहा न घेताच तो निघून गेला. तू असतास तर निवाडा तूच केला असतास, पण तू जिवंतपणी केलेला निवाडाच मला मान्य नाही. तेव्हा आता माझी बाजू ऐक. आयुष्यभर वकिली केली, बाजू मांडल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

सणाच्या दिवशी आपण चर्चमध्ये मिस्सेला निघायचो तेव्हा तू अनवाणी असायचास. बूट कापडी पिशवीत आणि पिशवी माझ्या हातात. केळीतून वाट काढत आपण बावखलापाशी यायचो. सगळ्या वाड्यांना त्या तळ्याचंच पाणी. तिथल्या दगडावर बसून तू पाय धुवायचास, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायचास, मोजे चढवायचास आणि माझ्याकडे न बघता हात पुढे करायचास. मी एकेक बूट द्यायचे. मग तू उठून उभा राहिलास की वेगळाच माणूस दिसायचास, वाडीला पाणी लावणारा नव्हे, कुणीतरी मोठा साहेब. मिस्सा संपली की त्याच दगडावर बूट उतरायचे. चिखलाचा थेंब त्यांना कधी माहीत नव्हता. नाताळ, ईस्टर, गावाचा सण, कुणाचं लग्न, कुणाची मयत, एवढंच त्यांचं जग. बाकी वर्षभर ते पत्र्याच्या ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात.

आणि त्यांची निगा कोण राखायचं? मी. सणाच्या आदल्या दुपारी ओट्यावर बसून पिकल्या केळ्याची साल, आतली पांढरी बाजू, चामड्यावर गोल गोल फिरवायची. मग ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, नाहीतर मुंग्या येतात. वाळले की डबीतलं पॉलिश, मग ब्रश, मग तुझ्या जुन्या बनियनचा तुकडा. ट्रंकेत ठेवताना आकार राहावा म्हणून आत वाळक्या केळीच्या पानांचा बोळा. हे सगळं तूच शिकवलंस. भाऊ तेव्हा मैदानात फुटबॉल खेळत असायचा. एकदा पॉलिश झाल्यावर मी हळूच उजवा पाय आत घातला आणि नेमका तू खांद्यावर घड घेऊन वाडीतून आलास.

"काढ," म्हणालास. "तुझ्या भावाचे हायेत ते. पोरीला बूट कशाला?"

"मग पॉलिश पन त्यालाच करू दे," मी म्हटलं.

तू रागावला नाहीस. घड उतरवत म्हणालास, "पॉलिश तुझंच चांगलं होतं."

बाबा, या एका वाक्यासाठी मी तुझ्याशी अजून भांडते आहे. काम चांगलं माझं आणि वस्तू त्याची, हा कुठला न्याय? तू वाईट माणूस नव्हतास. माझ्या वकिलीच्या शिक्षणाला सगळे नको म्हणत असताना तू पाठीशी उभा राहिलास. पण बुटांच्या बाबतीत तू इतर बापांसारखाच निघालास. त्यात आत्याची, तुझ्या बहिणीची, जीभ. "मुलाचे पाय पाळन्यात दिसतात म्हनतात, हिचे तर पाळन्याबाहेर दिसत होते," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मला बायकांच्या चपला कधी धड मिळाल्या नाहीत हे खरं आहे. पण त्या वेळी मी मनाशी ठरवलं होतं की हे मोठे पाय एक दिवस कामी येतील.

मग तू गेलास. शेवटच्या आजारात तुझे पाय सुजले होते. पेटीत ठेवण्याआधी सूट चढवला, हातात रोझरीची माळ गुंडाळली आणि भावाने ट्रंकेतून बूट काढले. ते काही केल्या पायात जाईनात. पेटीबरोबर आलेला माणूस म्हणाला, "मागून कापून घ्या. वर फुलं येतात, कोनाला दिसत नाय. सगळे असंच करतात." सगळे असंच करतात हे मलाही ठाऊक होतं. आपल्याकडे किती माणसं टाच फाडलेल्या बुटांत देवाघरी गेली असतील. भावाने ब्लेड हातात घेतलं आणि मी बूट त्याच्या हातातून ओढून घेतले. म्हटलं, "कापायचे नाहीत."

"बापाला देवाच्या दारी अनवानी धाडतेस?" आत्या सगळ्यांसमोर ओरडली.

"तो जन्मभर अनवाणीच राबला," मी म्हटलं. "त्याचे पाय देवाला पाठ असतील."

मग मी गरम पाणी मागवलं. तुझ्या टाचांच्या भेगांत वाडीची काळी माती होती, ती साबणाने काढली. खोबरेल तेल लावलं, पांढरे मोजे चढवले आणि तसंच तुला निरोप दिला. भाऊ खाली बसून रडत होता. तुझ्यासाठी रडत होता की बुटांसाठी, हे मी त्याला आजवर विचारलं नाही. गावात मात्र मी मेलेल्याच्या पायातले बूट काढून घेतले अशी बोंब झाली. अरे, ते पायात गेलेच नव्हते. पण खरं बोलणाऱ्याचं ऐकून घेतं कोण.

त्यानंतर मी ते बूट स्टेशनजवळच्या चांभाराकडून तळ शिवून आणले आणि सोमवारी कोर्टात घालून गेले. काळा कोट, काळे बूट, नियमाला धरूनच. आमच्यातल्या पुरुष वकिलांनी माना वळवून पाहिलं. मी म्हटलं, बघा. तू जपून ठेवलेस म्हणून ते टिकले असं भाऊ म्हणतो. साफ चूक. ट्रंकेतून निघाले तेव्हा चामडं पापडासारखं झालं होतं, शिवणीत बुरशी होती. आणखी काही वर्षं जपले असते तर ब्लेडचीही गरज उरली नसती. वापरून ते मऊ झाले. पायाची ऊब लागते चामड्याला, हे तू मला शिकवलं नाहीस, माझं मी शिकले. आता ते आठवडाभर चालतात, वसईची गटारं ओलांडतात, पावसात ओले झाले की पंख्याखाली आडवे पडतात. आणि शनिवारी केळ्याची साल अजूनही फिरते.

तर आज सकाळची गोष्ट. भाऊ म्हणाला, "बाबांनी मला दिले होते, तुला नाही."

"दिले होते ना? मग कापायला का निघालास?"

"मग काय करायचं होतं? सगळ्यांसमोर तसंच पाठवायचं?" त्याचा आवाज चिरकला आणि तो खिडकीकडे वळला. तुझा नातू बिचारा मधल्या मधे. म्हणाला, "आत्या, जस्ट ट्राय करून बघतो हं." त्याने बूट घातले. बाबा, खोटं कशाला बोलू, ते त्याला असे बसले की जणू त्याचंच माप घेतलं होतं. हॉलमध्ये चार पावलं टाकून तो वळला आणि मला बावखलाच्या दगडावरून उठलेला तू दिसलास. भावालाही दिसला असशील, कारण तो खिडकीकडून वळून त्या बुटांकडेच बघत राहिला. बापाची चप्पल लेकाच्या पायात आली की त्याला मित्र मानावं म्हणतात. लेकीचं काय करावं ते कुणी म्हणून ठेवलेलं नाही.

मी नातवाला म्हटलं, "ने. पण सोमवारपासून रोज ऑफिसला हेच घालायचे आणि पॉलिश स्वतः करायचं. कबूल?" तो हसला. "आत्या, ऑफिसला स्नीकर्सच असतात सगळ्यांचे. हे फक्त लग्नापुरते. फोटो झाले की नीट पॅक करून ठेवतो, प्रॉमिस." नीट पॅक करून. मी म्हटलं, "काढ." हो, तुझाच शब्द, तुझ्याच आवाजात. आणि मला त्याची लाज वाटत नाही. उद्या मिस्सेतलं बायबलचं पहिलं वाचन माझ्याकडे आहे. रेशमी साडी नेसेन आणि खाली तुझे बूट घालून सगळ्यांसमोरून वेदीपर्यंत जाईन. माझ्या म्हाताऱ्या आत्याची जीभ आता थकली आहे, पण डोळे शाबूत आहेत. बघू दे तिला.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. भावाला सांगितली नाही, उलटतपासणीतही कबूल करणार नाही. बाबा, तुझे बूट मला मोठे होतात. पहिल्या दिवसापासूनच. पुढे कापूस भरते आणि दोन जोड मोजे घालते. आज सकाळी दारात भावाचा आवाज ऐकला तेव्हा आधी तो कापूस काढून लपवला. कोर्टात सगळे म्हणतात, बाई किती रुबाबात चालतात. मी हळू चालते, कारण भरभर चालले की तुझा बूट मागे राहतो.