साखळी कोणी सोडली

राहुरी
रविवार, दि. १४ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप आत्याबाईंना,
अश्विनीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा या थंडीत फार दुखत नसेल, असं धरून चालते. मी बरी आहे. इकडे थंडी चांगलीच पडली. दवाखान्यात सकाळी दार उघडायच्या आधीच खोकल्या-तापाची लेकरं घेऊन बाया बसलेल्या असतात. तुमच्याकडे गावरान कांद्याची लागवड सुरू झाली असेल. रोजानं लावलेल्या बाया येत असतील, तर तुम्ही वाफ्यात वाकून बसू नका. बसाल, हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

पिल्या चांगला आहे. त्याला रेबीजची लस टोचून आणली. खातो-पितो, भुंकतो, अंगावर केस छान आलेत.

फोन करायचं चार दिवस मनात होतं. दोनदा तुमचा नंबर लावला आणि वाजायच्या आधीच बंद केला. तुमचा आवाज ऐकला की मी पुन्हा इकडचं तिकडचं बोलले असते, कांद्याचं, थंडीचं. आत्ताही तेच करते आहे बघा. हे पत्र घरातच कोणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या.

मंगळवारी कोर्टात तुम्ही पिंजऱ्यात उभ्या राहिलात तेव्हा मी खाली मान घालून बसले होते. माझ्या वकीलबाई तुम्हाला काय विचारणार ते मला आधीच ठाऊक होतं. तुमच्या शपथपत्रात लिहिलं होतं, की मी कुत्रं मुद्दाम तुमच्या अंगावर सोडलं, "चाव" म्हणाले आणि उभी राहून हसले. घटस्फोटाच्या दाव्यात त्याचं नाव क्रूरता, आणि पोलिसांकडे त्याचीच वेगळी केस. ती केस सिद्ध झाली असती, तर माझी नर्सची सरकारी नोकरी गेली असती. वकीलबाई मला म्हणाल्या होत्या, "म्हातारीला दोन प्रश्नांत गोंधळात पाडते."

पण त्यांना दुसरा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. तुम्ही जज्जसाहेबांकडे बघून सरळ सांगितलंत, "कुत्रं साकळीतच हुतं, सायब. माजाच पाय पडला त्याच्या शेपटीवर. सून न्हाई हसली. त्या कागदात काय लिवलं ते मला वाचून दावलंच न्हाई कोनी."

अजिनाथचा चेहरा मी पाहिला. (नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला या कोर्टानेच लावली, माफ करा.) त्यांचे वकील फायली चाळत राहिले. माझ्या वकीलबाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "अश्विनीताई, सुटलात तुम्ही! पेढे आणा." मी हो म्हणाले. आणि मग स्टँडवर एसटीची वाट बघत इतकी रडले, की शेजारच्या बाईने मला पाणी दिलं.

आत्याबाई, साखळी मी सोडली होती.

तुम्हालाही हे माहीत आहे. तुम्ही माझा हात साखळीवर पाहिला होता. तरी दीड वर्ष हे वाक्य ना तुम्ही बोललात, ना मी. म्हणून आज ते सगळं लिहून काढते.

गेल्या वर्षी मे महिन्यात तुम्ही न कळवता माझ्या खोलीवर आलात, हातात पिशवी, पिशवीत कैऱ्या. घर सोडून मला आठ महिने झाले होते. मी चहा ठेवला. तुम्ही परत चल म्हणालात, मी नाही म्हणाले. मग तुम्ही म्हणालात, "एक चापट मारली म्हनून कोनी नवरा सोडतं व्हय? म्या बत्तीस वर्सं खाल्ल्या. मेले का मी?"

त्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपल्या वस्तीवरची ती संध्याकाळ आली. माझी इकडे बदलीची ऑर्डर आली होती, राजीनामा दे म्हणून अजिनाथने आवाज चढवला, मी देणार नाही म्हणाले आणि त्यांनी हात उचलला. तुम्ही तिथेच मेथी निवडत बसला होतात. तुम्ही वर बघितलंत, आणि ताट उचलून आत निघून गेलात. गालापेक्षा ते मला जास्त लागलं होतं. निघताना तुम्हीच पिल्याला माझ्या स्वाधीन केलंत, "एकटी ऱ्हानार, सोबतीला ऱ्हाऊ दे" म्हणालात, पण त्या संध्याकाळबद्दल एक शब्द काढला नाहीत.

तुमचं ते "मेले का मी" ऐकून मी चहाचं पातेलं तसंच ठेवून अंगणात गेले. आपला आवाज चढलेला ऐकून पिल्या साखळीला हिसके देत होता. तुम्ही माझ्या मागे आलात आणि माझा दंड धरलात. मी वाकून साखळीचा आकडा काढला. तो चावेल असं मला वाटलं नव्हतं, खरंच नव्हतं. तुम्ही त्याला वाटीने दूध पाजून मोठा केलेला. मला फक्त तुम्ही घाबरावं, आणि निघून जावं, एवढंच हवं होतं. पण तुमचा हात माझ्या दंडावर होता, आणि ते त्याने पाहिलं.

नंतरचं तुम्हाला आठवतच असेल. मला मात्र ते रोज आठवतं. नळाखाली मी तुमची पोटरी मांडीवर घेऊन साबणाने धूत बसले होते, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. माझी साडी रक्ताने आणि पाण्याने भिजली होती. पिल्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणालात, "त्याचा राग न्हाई गं मला." नुसतं "त्याचा" म्हणालात. पुढचं बोलला नाहीत. मग स्कूटीवर माझ्या कमरेला घट्ट धरून दवाखान्यापर्यंत आलात.

मी फोन केल्यावर तिथे अजिनाथ धावत आले आणि ओरडले, "कुत्रं सुटलं कसं?" मी म्हणाले, "सुटलं नव्हतं. साखळीतच होतं." एका क्षणात बोलून गेले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तेव्हा तुम्ही काही बोलला असतात, तर मी कबूल झाले असते, असं मी स्वतःला किती दिवस सांगत होते. तेही खोटंच. मी घाबरले होते, नोकरीसाठी. नंतर पोलिसांच्या जबाबात तेच वाक्य, कोर्टाच्या कागदात तेच. वस्तीवर आणि इकडे गल्लीत सगळे पिल्याला पिसाळलेला म्हणायला लागले, तेही मी म्हणू दिलं. मुक्या जनावराला बोल लागला आणि मी सुटले.

तुमच्या इंजेक्शनांचीही काळजी होतीच. पुढे अजिनाथने तुम्हाला माझ्या दवाखान्यात येऊ दिलं नाही, म्हणून तुमच्याकडच्या ओळखीच्या सिस्टरला दर वेळी फोन करून विचारायचे. अठ्ठाविसाव्या दिवशी ती म्हणाली, "आल्या होत्या तुझ्या सासूबाई, शेवटचं झालं." त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आता मंगळवारनंतरचं सांगते.

गुरुवारी ड्यूटी संपल्यावर मी अजिनाथला फोन केला. म्हणाले, "आत्याबाई कोर्टात माझ्यासाठी खोटं बोलल्या. साखळी मी सोडली होती."

ते म्हणाले, "हे मला आता का सांगतेस? वकिलाने सांगितलं?"

"वकीलबाई ऐकतील तर माझी फाईल फेकून देतील."

"मी परत तक्रार केली तर?"

"करा. मी नाही म्हणणार नाही."

मग त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, "परवा घरी आल्यावर मी आईवर खूप ओरडलो. भर कोर्टात खोटं का बोललीस म्हणून. ती म्हणाली, तू हात उचलला तवा मी मेथीचं ताट घेऊन आत गेले, ते कुठं खरं हुतं?"

आत्याबाई, मी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून घेतलं. दोन वर्षं मला वाटत होतं, तुम्ही ती संध्याकाळ विसरलात.

अजिनाथ पुढे म्हणाले, "आणि हात मी उचलला, हे दाव्यात मी कुठंच लिहिलं नाही. वकिलाने विचारलं होतं. मी नाही म्हणालो." एवढ्या वर्षांत ते माझ्याशी इतकं सरळ पहिल्यांदाच बोलले. आम्ही भांडलो नाही. पुन्हा एकत्र राहायचंही कोणी म्हणालं नाही. ते दोघांनाही जमणार नाही, हे दोघांनाही कळलं आहे. पण शनिवारी, म्हणजे काल, नगरला दोघांच्या वकिलांसमोर बसलो आणि एकमेकांवरचे आरोप मागे घेऊन सहमतीने वेगळं व्हायचं ठरलं. पोलीस केसही तडजोडीत मिटेल असं वकील म्हणतात. मी त्यांच्यासमोर सांगून ठेवलं आहे, की जज्जसाहेबांनी मला विचारलं, तर साखळीचं खरं सांगणार. वकीलबाई रागावल्या, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय." अजिनाथच म्हणाले, "सांगू द्या तिला. मीपण माझं सांगतो." नोकरीचं काय व्हायचं ते होईल. वकीलबाईंना वाटतं, फार काही होणार नाही. मला मंगळवारपासून पहिल्यांदा काल नीट झोप लागली.

त्या मेथीच्या ताटासाठी तुमचा राग मला करायचा होता, तो करून झाला. तुम्हाला माझा करायचा असेल, तर जरूर करा, मी ऐकून घेईन. मी साखळी सोडली, त्याची माफी मागते. त्यानंतर दीड वर्ष खोटं बोलत राहिले, त्याची जास्त मागते.

अजिनाथ म्हणाले, तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलंय, आणि दवाखान्यात थांबायला घरचं बाईमाणूस कोणी नाही. मी रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे. तारीख तेवढी तुम्ही सांगायची. थेंब वेळेवर घालायचे असतात, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नसतं, ते काम माझ्याइतकं चांगलं कोण करणार? लोक म्हणतील, कागदावर सही करून गेलेली सून इथं कशाला? लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला तुम्ही ये म्हणालात, की पुरे.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने निघते, नगरला गाडी बदलून अकरापर्यंत पोहोचेन. येऊ नको म्हणायचं असेल, तर अजिनाथकडून कळवा, मी समजून घेईन. काही कळवलं नाहीत, तर येतेच.

सून म्हणून हा शेवटचा नमस्कार.
नुसती अश्विनी म्हणून पहिला, तो मी समोर येऊन करेन.

अश्विनी