घरचा नंबर माझ्याकडे

वलवण, लोणावळा

ती. आईस पाया पडून कळवतो,

मी इथे बरा आहे. बंगल्याचे मालक शनिवारी येतात, बाकीचे दिवस मी आणि झाडं. जेवण वेळेवर होतं.

पिवळ्या रेशनकार्डावर सवलतीचं एकच सिम मिळालं. मोबाइल आपला आपण आणायचा होता आणि तो माझ्याकडेच होता, म्हणून सिम माझ्याबरोबर आलं. पण रेशनकार्ड तुझ्या नावावर, त्यामुळे तुझे फोन इथे वाजतात. काल डोळ्यांच्या दवाखान्यातून बाई बोलल्या, "राजेश्वरीबाई आहेत का घरात?" मी म्हणालो, "शेतात गेलीय, आली की सांगतो." खोटंच बोललो. पण तेवढा वेळ मी घरच्या ओट्यावर बसलोय असं वाटलं.

तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पाच तारखेला आहे. सकाळी उपाशी जायचं आणि सोबत माणूस पाहिजे. तालुक्याला राहणाऱ्या पप्पूला फोन करून तुला निरोप द्यायला सांगितलंय. "सांगतो रे वैजू, किती वेळा तेच!" म्हणाला. तो विसरेल म्हणून हे पत्र. धाकट्या कोमलकडून दोनदा वाचून घे. सोबत ती येईल ना? मला मालक सुट्टी देत नाहीत.

सिमवर बोलणं फुकट आहे, पण घरी लावू कुणाला? घरचा म्हणून एकच नंबर पाठ आहे आणि तो माझ्याच खिशात आहे.

ऑपरेशन झालं की दवाखान्यात कुणाचाही मोबाइल मागा आणि आपल्याच नंबरावर लावा. डोळ्यावर पट्टी असेल तर कोमल लावील. मी त्या दिवशी मोबाइल हातातच ठेवीन.

तुझा,
वैजनाथ