एकोणीस वर्षं न उघडलेली खडूची डबी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा स्नूकरच्या क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, टोकाशी लागणाऱ्या चामड्याच्या टिपा घरी बनवणं, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. आज सकाळी अकरापासून मला जबर धक्का बसलेला आहे, हेही खरं. माणूस एकाच वेळी शुद्धीवर आणि हादरलेला असू शकतो, असं डॉक्टरांनी नाडी बघून लिहून दिलं आहे. तो कागद सोबत जोडला आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर त्याचं कारण एवढंच. याआधीचं, म्हणजे आज सकाळी दहाचं मृत्युपत्र मी रद्द करते.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि मागची पडवी, माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला मिळावं. दहाच्या कागदात ते वाचनालयाला जात होतं, का तर भावाच्या घरी एक वीटही जाऊ नये. मागच्या दाराची कडी जरा वर उचलून लावावी लागते.

कलम २. शिकंजा, गोल कापायचा पंच, सरसाचं भांडं आणि बाबांची चामडं कापायची रापी हेही भाचीलाच. सोबत कृती देते. चामड्याचे सात गोल कापायचे. प्रत्येकाची गुळगुळीत बाजू काचपेपरने घासून खरखरीत करायची. सरस पातळ लावून थर रचायचे आणि दोन दिवस शिकंज्यात आवळून ठेवायचे. गुळगुळीत बाजूला सरस धरत नाही, हे वाक्य तिने पाठ करावं. मलाही ते पाठ होतं.

कलम ३. स्नूकर क्लबच्या मॅनेजरला काही नाही. तो माझ्या टिपांना चपलेचे तुकडे म्हणतो. असतात ते चपलेचेच तुकडे, पण बोलायची काही रीत असते.

कलम ४. क्यूच्या टोकाला लावायच्या खडूची पत्र्याची डबी, एक. खरं तर सगळं इथून सुरू झालं. ही डबी मी दहाच्या कागदात भावाला ठेवली होती, न उघडता, टोमणा म्हणून. तो कागद लिहायला आलेले लेखनिक म्हणाले, आत काय आहे ते लिहिल्याशिवाय वस्तू यादीत घेता येत नाही. मी म्हटलं, त्याने स्वतः उचकटलेली टिप आहे, लिहा तसं. ते म्हणाले, बघून लिहू. माणूस सरळ, त्यांचा दोष नाही.

डबीची हकीकत अशी. एकोणीस वर्षांपूर्वी भाऊ क्लबच्या अंतिम सामन्यात खेळला. शेवटचा काळा बॉल राहिला होता. त्याने फटका मारला आणि टिपेचे दोन तुकडे झाले, बॉल भलतीकडे गेला, सामना गेला. दुसऱ्या दिवशी क्लबात सगळ्यांसमोर त्याने ही डबी माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "ताई, टिप सुटली. उघडून बघ." मी हात लावला नाही. माझ्या टिपेत खोट निघूच शकत नाही, मग बघायचं काय? हरला म्हणून यानेच ती उचकटली, आता सबब सांगतोय, असं मी बोलले. प्रत्येक थर माझ्या हाताने घासलाय, बाबांची शपथ, असंही म्हणाले. लोकांनी माझं खरं मानलं. त्या दिवसापासून क्लबात त्याचं नाव सबब्या पडलं. त्याने क्यू हातात धरला नाही आणि माझ्या घराची पायरी चढला नाही.

आज डबी उघडली. टिप चौथ्या थराशी सुटली आहे. चौथा थर चकाकतो आहे. त्यावर काचपेपरचा एक ओरखडा नाही, आणि वाळलेला सरस नखाने पापुद्र्यासारखा निघाला.

ती चकाकी मी ओळखली. बाबा जोडे दुरुस्त करायचे. रापीला धार लावायला त्यांचा एक पट्टा होता, चाळीस वर्षं घासून त्यात तोंड दिसायचं. सामन्याला बाबाही भावाच्या हाताशी असावेत, म्हणून मी त्या पट्ट्याचा गोल कापून मधोमध घातला होता. तो तेवढा घासायला माझा हात धजला नाही. आणि एकोणीस वर्षं मला पक्कं आठवत होतं की मी तो घासला. माझ्या डोक्याने मला असं फसवावं, याने मी मुळापासून हादरले आहे. लेखनिकांनी पाणी दिलं.

कलम ५. हे कलम नाही, पण लिहिते. मी भावाला फोन लावला. डबी उघडली, एवढंच बोलता आलं. तो म्हणाला, "मला तिथल्या तिथेच दिसलं होतं गं. बाबांचा पट्टा मी ओळखणार नाही होय?"

मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं.

"तू बाबांची शपथ घेतलीस ना. चारचौघांत ती खोटी पाडायची, तीही त्यांच्याच पट्ट्यावरून? मला नाही जमलं."

हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा. पहिला माझ्या चुकीचा होता. हा त्याने ती चूक एकोणीस वर्षं झाकल्याचा.

~~कलम ६. माझ्या मृत्यूनंतर कलम ४ क्लबात, तीन नंबरच्या टेबलापाशी, मोठ्याने वाचून दाखवावं आणि माझ्या भावाचं नाव स्वच्छ करावं.~~

कलम ६ मी खोडलं आहे. भाऊ दुपारी आला आणि त्याने कागद वाचला. म्हणाला, "तू गेल्यावर हे वाचलं की लोक म्हणतील, केवढ्या मनाची होती ताई. सबब्या मी झालो, आणि मोठ्या मनाची तू होणार?" त्याचं म्हणणं मला मान्य आहे. उद्या सकाळी दहाला, क्लब उघडल्या उघडल्या, मी स्वतः तिथे जाऊन सांगणार आहे. मॅनेजरसमोरसुद्धा.

कलम ७. या नव्या कागदाच्या कलम १ मध्ये आधी भावाचं नाव होतं. दुसरा साक्षीदार मिळेना, शेजारीण गावाला गेलेली, लेखनिक स्वतः साक्षीला राहत नाहीत. ज्याला घर मिळणार त्याने साक्षीला सही करू नये, असं लेखनिक म्हणाले. भाऊ म्हणाला, "मग माझं नाव काढ. तू खरं लिहिलंस, त्याला साक्षीदार मीच हवा." म्हणून घर भाचीला.

बाबांच्या उरलेल्या पट्ट्याची वाटणी इथे शोधू नये. तो आज भावाला हातोहात दिला आहे.

हे मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केलं आहे.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर, टिपा घासायचं टेबल
तारीख: डबी उघडली तीच

सही: टिपवाली ताई

साक्षीदार पहिले: डॉक्टर (नाडी आता बरी आहे)

साक्षीदार दुसरे: धाकटा भाऊ. क्लबात सबब्या, उद्या सकाळी दहापर्यंत.