दारावरचा निंब

आई,

घरात गोवर निघाला की आपण दारावर निंबाचा डहाळा टांगतो. बाहेरचं कुणी आत आलं तर माता कोपते. साथरोग विभागाच्या नोकरीत मला हेच कामी आलं. आपल्या कोहका गावात जिथे निंब दिसला, तिथे मी आरोग्यसेविकांचं पथक पाठवलं.

मागच्या आठवड्यात तुझ्या दारावर निंब नव्हता. "जाय, बरं हाये सगळं," तू म्हणालीस आणि मी पुढे गेले. आत माझी भाची, प्रवीणची पोर, तापाने फणफणत होती.

तिला माती दिल्यावर तू सांगितलंस, "तुह्या बाया घरात घुसतीन म्हणून निंब पाळण्याले बांधला होता, बाई."

हे पत्र मी तुला देणार नाही. आता कोहक्यात एकाही दारावर निंब नाही. त्यावरून साथ ओसरली असं धरून साहेब मला बढतीवर रायपूरला नेताहेत.

भूमिका