ओल्या फणसाचं दार

मंगळवार, १४ मार्च

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील असं धरून चालते, कारण सहा वर्षांत तसं कळवायची तसदी तू घेतलेली नाहीस. इकडे मी वैतागले आहे आणि बाबा बाबांसारखेच आहेत.

अंगणातला फणस त्यांनी पाडला. हो, तोच. ज्याच्या फांदीला कपड्यांची दोरी बांधली म्हणून मी चार दिवस बोलणी खाल्ली होती, तो. कोवळ्या फळांनी लगडलेला होता रे! मला विचारलं नाही, सांगितलं नाही. कामावरून आले तर अंगणभर ऊन, करवतवाले दोघे चहा पीत बसलेले आणि बाबा आडव्या बुंध्यावर हात ठेवून उभे.

तेव्हापासून घराची पार दैना झालीय. दाराची कडी, चष्मा, माझी एकुलती एक चांगली कात्री, सगळ्याला चीक. घरातलं तेल स्वयंपाकाला कमी आणि करवतीला जास्त लागतं. पिवळा भुसा माझ्या उशीत निघतो. आत्या येऊन बघून गेली. म्हणाली, "म्हातारपणी बुद्धी फिरते." मी म्हटलं, "त्यांची आधीपासूनच फिरलेली आहे." तर बाबा आतून ओरडले, "मला ऐकू येतं!"

मला वाटलं, फळ्या रचून ठेवतील, वाळू देतील, म्हणजे तेवढी तरी शांतता. ओल्या लाकडाचं साधं स्टूल मागितलं म्हणून गिऱ्हाइकाला हाकलून देणारा माणूस! "ओलं लाकूड विकणारा सुतार नव्हे, चोर," हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आणि चौथ्या दिवशी बघते, तर हे ओल्याच फळीवर रंधा मारताहेत.

"बाबा, हे वाकणार."

"वाकेल."

"चौकटीत अडकेल. फटी पडतील."

"पडतील. मग तो तासून घेईल. एवढं त्याला येतं."

तो म्हणजे तू. दार तुझ्या घरासाठी आहे.

मी भडकलेच. म्हटलं, तो दारांच्या कारखान्यात कामाला आहे, त्याला दारांचा काय तोटा? 'तुमचं लाकूड तुम्हालाच लखलाभ' असं तोंडावर सांगून गेलाय. तुम्हीही त्याच्या दारांना पुठ्ठा म्हणालात, विसरलात? तर म्हणतात, "पुठ्ठाच आहे तो." आणि परत रंधा सुरू. तुम्ही दोघे एकाच माळेचे मणी, आणि मधल्या मध्ये भरडली जाते मी.

हे पत्र दोनदा फाडलं. आता लिहूनच टाकते.

गेल्या महिन्यात बाबांना मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. खोकला हटत नव्हता, भुशाचा असेल असं वाटलं. डॉक्टर मला बाहेर पाठवत होते, तर बाबाच म्हणाले, "ती मोठी आहे, तिच्यासमोर बोला." तीन महिने, फार तर चार. घरी परतलो. बाबा फाटकाशी थांबले, झाडाकडे बघितलं आणि मला विचारलं, "फणसाची फळी वाळायला किती दिवस लागतात?" मला विचारलं! मी म्हटलं, दीड-दोन वर्षं. "हं," म्हणाले. पुढच्या आठवड्यात झाड आडवं.

तुला काही कळवायचं नाही, अशी मला शपथ घातलीय. फक्त तुझ्या दाराचं माप मागवून घे म्हणाले. तेव्हा त्यांच्या लेखी हे पत्र मापाचं आहे. पण कागदावर माप पाठवलंस तर मी ते त्यांच्या हाती पडू देणार नाही, लक्षात ठेव. उंची-रुंदी लिही, खिशात घाल आणि स्वतः घेऊन ये. हल्ली रंधा मारताना त्यांना मधेच खाली बसावं लागतं. फळीचं दुसरं टोक धरायला माणूस हवाय. मी धरून बघितलं, पण मला रडू येतं आणि ते ओरडतात.

अजून तुझ्यावर रागावलेली, तरी रोज फाटकाकडे बघणारी,

तुझी ताई