काठवटीतला फायकस

२ फेब्रुवारी २००३, रविवार
एस.टी.तून निवृत्त होऊन महिना झाला. वाहतूक नियंत्रक म्हणून चंदगडपासून मलकापूरपर्यंत सगळ्या स्टँडांवरून गाड्या वेळेवर सोडल्या. ज्या उशिरा सुटल्या त्यांना डेपो मॅनेजर जबाबदार. आता बोन्साय करायचं ठरवलंय.

काल आमच्या कॉलनीच्या बागप्रेमी मंडळात त्यावर दीप्ती कांबळे मॅडमचं व्याख्यान झालं. मॅडम शेती खात्यात अधिकारी, मंडळाच्या सेक्रेटरी. व्याख्यानाचं सार एवढंच, की झाड लहान ठेवायचं आणि त्याला वळण लावायचं. हे काम मी कंडक्टरांवर केलेलं आहे.

शेवटी त्या म्हणाल्या, नवशिक्यांनी घरातल्या साध्या फायकसपासून सुरुवात करावी, तो चुका पोटात घालतो. मी उठून विचारलं, ज्यांच्या हातून चुका होत नाहीत त्यांनी काय लावावं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांनीही फायकसच लावावा."

प्रश्न त्यांना नीट कळला नसावा.

५ फेब्रुवारी
ज्युनिपर आणला. जपानी फोटोत असतो तोच. नर्सरीवाला म्हणाला, हे झाड कोल्हापुरात नाजूक. म्हटलं, बघू.

फायकस काय, दवाखान्यात असतो, साडीच्या दुकानात असतो. आमच्याही हॉलमध्ये आहे. संयोगिताचं लग्न होऊन ती वारणानगरला गेली, तेव्हा पहिल्या भेटीत माझ्या बायकोने, शालूने, लेकीच्या अंगणातली फांदी आणून लावली. आता माझ्या खांद्याला लागतो. घरातून बाहेर पडताना शालू त्याच्या पानांवरून ओला फडका फिरवते. असल्या घरगुती झाडावर कला वाया घालवण्यात अर्थ नाही.

२१ फेब्रुवारी
ज्युनिपर गेला. हवेचा दोष.

शालू म्हणाली, "टीव्हीवर ठिवल्यावर काय हुईल त्याचं?" मी म्हटलं, जपानात घरातच ठेवतात. ती म्हणाली, "तुमी जपानला कवा गेलतासा?" मुद्दा सोडून बोलायची तिला सवय आहे.

३ मार्च
शालू वारणानगरला गेली. संयोगिताचं दुसरं बाळंतपण, सासरीच आहे. अडीच-तीन महिने तरी येत नाही.

जाताना चपला घालून परत आत आली आणि म्हणाली, फायकसला एक दिवसाआड पाणी घाला, दुसरं काही करू नका. मी मान हलवली. तरी म्हणाली, "दुसरं काही न्हाय म्हंजे कायच न्हाय."

रात्री मिसळ.

४ मार्च
विचार केला. ती परत येईल तेव्हा हॉलमध्ये त्याच फायकसचा बोन्साय असेल. सरप्राइज. शिवाय ते झाड चुका पोटात घालतं असं खुद्द मॅडम म्हणतात. मी चुका करणार नाहीच, पण झाडाची तशी तयारी असलेली बरी.

६ मार्च
पहिला टप्पा पूर्ण. वरून निम्म्याच्या खाली आणला. चीक फार निघतो. सोफ्यावर थोडा, बनियनवर बराच.

मुळं कापताना झाडाने विरोध केला. करवत वापरली.

पसरट कुंडीचा प्रश्न होता. बाजारातल्या कुंड्यांत दम नाही. स्वयंपाकघरात शालूची भाकरीची काठवट दिसली. सागवानी, उथळ, आकार तर थेट जपानी. तळाला ड्रिलने भोकं पाडली. ती येईपर्यंत भाकरी कोण थापतंय?

८ मार्च
कपडे वाळत घालायची तार सोडून खोडाला गुंडाळली आणि नागमोडी वळण दिलं. मधे एक कट्‌ असा आवाज आला. वळण बसल्याचा.

१२ मार्च
पानं गळतायत. पानगळ हा ऋतूच आहे. थोडा उशिरा आला असेल, पण आमच्याकडे काय वेळेवर येतं?

पाणी बंद केलंय. पाणी जास्त म्हणजे वाढ जास्त. साधा हिशोब.

१९ मार्च
शालूचा फोन. संयोगिताला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. आनंद झाला. मग तिने विचारलं, फायकस कसा हाय. मी म्हटलं, आटोपशीर. ती म्हणाली, "आटोपशीर म्हंजे?" तेवढ्यात लाइट गेली. टेलिफोनला लाइट लागत नाही हे तिला माहीत आहे, पण मी तोवर फोन ठेवला होता.

२ एप्रिल
एकही पान नाही. रचना आता जास्त स्पष्ट दिसते.

२० एप्रिल
कांबळे मॅडमना घरी बोलावून काम दाखवलं. त्या झाडाभोवती दोनदा फिरल्या. कला सगळ्या बाजूंनी बघायची असते. मग वाकून नखाने खोडाची साल जराशी खरवडली, आत हिरवं दिसलं. म्हणाल्या, "अजून जिवंत आहे. कसा काय, ते मला विचारू नका." तार काढायला सांगितली, ती सालीत रुतलीये म्हणाल्या. पाणी घाला, उजेडात ठेवा.

म्हटलं, विचार करतो. मंडळातले लोक एकमेकांच्या कामावर जळतात, असं ऐकून आहे.

१८ मे
शालू आली. बारशाचे लाडू घेऊन.

हॉलच्या दारातच थांबली. पिशवी खाली ठेवली नाही. मला वाटलं ओरडेल. मी खुलासा तयार ठेवला होता. ती फक्त म्हणाली, "ही माझी काठवट हाय." आणि थोड्या वेळाने, "ही लेकीच्या दारातली फांदी हुती."

स्वयंपाक केला. जेवायला वाढलं. बोलली नाही. लाडू मी एकट्यानेच खाल्ला.

१९ मे
सकाळी उठलो तर शालू मागच्या कट्ट्यावर झाडापुढे बसलेली. पकडीने तार कापून काढत होती, तुकडा तुकडा. मी म्हटलं, वळण बिघडेल. तिने वर पाहिलं. मी चहा करायला आत गेलो.

२५ जून
ती त्याला पाणी घालते आणि उन्हाला ठेवते. बास, एवढंच. यात कौशल्य काय आहे? माझी मूळ रचना भक्कम होती म्हणून टिकलं, हे कोणी लक्षात घेत नाही.

आज खोडावर हिरवे ठिपके दिसले. शालू माझ्याशी बोलली. म्हणाली, "फुटलं." मीही म्हटलं, फुटलं. बरं वाटलं.

१४ ऑगस्ट
झाडाने जोर धरला. बुंधा जाड, वर गच्च बारीक पानं. शेंडे थोडे खुडावेत म्हणून कात्री घेऊन गेलो. कात्री जागेवर नव्हती. घरातल्या कुठल्याच कात्र्या जागेवर नाहीत.

२१ डिसेंबर, रविवार
मंडळाचं प्रदर्शन. बोन्साय, नवशिके गट, पहिला नंबर: फायकस. कार्डावर नाव सौ. शालू हंबीरराव मोहिते. म्हणजे माझं नाव आहेच, मधे.

काठवट रिक्षातून मांडीवर घेऊन मीच नेली. हॉलमध्ये एकाने विचारलं, "पावणं, झाड तुमचं व्हय?" मी सविस्तर सांगायला लागलो, पण तो पुढच्या टेबलावर गेला.

कांबळे मॅडमनी शालूला माइकपुढे बोलावलं. नवशिक्यांना काय सांगाल, विचारलं. शालू आयुष्यात कधी माइकवर बोललेली नाही. पदर सारखा करून म्हणाली, "झाड लई गुणाचं हाय, कुणालाबी जमंल. म्या कायच केलं न्हाय. पाणी घाटलं, आन् ह्यास्नी लांब ठिवलं."

हॉल हसला. मॅडमसुद्धा. मीही हसलो. विनोदबुद्धी तिला माझ्या सहवासातून आली.

११ जानेवारी २००४
शालू आठवड्यासाठी नातीकडे गेली. जाताना फायकस काठवटीसकट शेजारच्या चिमणाबाईंच्या ओट्यावर ठेवून गेली. माझ्या डोक्याला ताप नको म्हणून. फार काळजी घेते माझी.

संध्याकाळी कुंपणाशी सहज उभा राहिलो. एक फांदी जरा डावीकडे झुकलीये, एवढंच बघत होतो. चिमणाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, तिथनंच बघा."

तिथूनच बघितलं.