गाडीतलं तिसरं बटण

प्रिय मॅरेन,

तुझी आई गेल्यापासून तुझी जुनी गाडी मीच चालवतो. रेडिओचं तिसरं बटण अजून तुझ्याच स्टेशनचं आहे, त्या दुसऱ्या ख्रिस्ती पंथवाल्यांच्या. याच गाडीत मी ते बंद करून तुला म्हणालो होतो, "आपण मॉर्मन. ही माणसं आपल्याला ख्रिस्तीसुद्धा मानत नाहीत, आणि तू त्यांची गाणी ऐकतेस?"

आता बटाट्याच्या गोदामापर्यंत चाळीस मैल मी तेच ऐकत जातो. आपलं प्रार्थनाघर दिसलं की आवाज बारीक करतो. परवा त्यांनी आपल्यासारख्या 'वाट चुकलेल्यां'साठी प्रार्थना केली. राग आला, बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. सांगत होते, देवाचं प्रेम कमवावं लागत नाही. मी साठ वर्षं तेच कमवत होतो गं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासाच्या सभेत, सगळ्यांसमोर आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायला उठलो. "हेच चर्च खरं आहे, हे मला ठाऊक आहे," हे पाळण्यापासूनचं वाक्य तोंडातून निघेना. मग रेडिओवर ऐकलेलंच बोललो. बायका डोळे पुसत होत्या.

बिशपनी हात धरला. "ब्रदर हॅडलॉक, सुरेख बोललात. कुठं वाचलंत हे?"

"आपल्याच ग्रंथात," मी म्हणालो.

तू याच व्यासपीठावर, हेच चर्च खरं असं आता वाटत नाही, हे खरं बोललीस, आणि मी तुला घराचं दार बंद केलं. मी खोटं बोललो, तर पुढच्या महिन्यातही बोला म्हणाले.

हे पत्र गाडीच्या खणात ठेवतोय, आधीच्या दोन पत्रांवर.

तुझा,
बाबा